चहाचे सहा डाग

धाकटा बावन्न वर्षांचा होता. त्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस उरला नव्हता, तरी ओळखीपाळखीचे सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, कारण त्याच्या आधी ताई होती. ताई पंचावन्नची. बहीणभाऊ मिळून घरोघरी जाऊन गालिचे धुवायचे. व्हॅन ताई चालवायची, यंत्रं धाकटा वर चढवायचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं कुणी यावरून दोघांचं वीस वर्षं भांडण चालू होतं. ताईचं म्हणणं, याच्या जिभेला हाड नाही. कुणी डोळ्यांत आशा आणून "डाग जाईल ना?" विचारलं, की हा लगेच "जाणार म्हणजे जाणारच!" सांगून मोकळा. मग गुडघे टेकून तास तास बसायची पाळी दोघांवर.

त्या सकाळी ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेले. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, पंचाहत्तरीच्या, कानात ऐकायचं मशीन, आणि बहिऱ्या माणसाचा असतो तसा खणखणीत आवाज.

"या, या! फोनवर मीच बोलले होते. गालिचा धुवायचाय आणि वर ते मारायचंय, फवारा. चहा-पाणी आत मुरू देत नाही म्हणतात, तो."

त्यांच्या मागे काका उभे होते. उंच, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात पँटच्या खिशात. त्यांनी हात बाहेर न काढता नुसती मान हलवली. मग धाकट्याच्या डोक्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "तुमच्यावर माझं पोट कधी भरलं नसतं."

"चव्वेचाळीस वर्षं सलून होतं त्यांचं," काकूंनी खुलासा केला. "माणूस भेटला की आधी डोकं बघतात."

धाकट्याला काका तिथेच आवडून गेले.

बैठकीची खोली लांबट होती. खाली गडद तांबडा, सायीच्या रंगाच्या काठाचा लोकरीचा गालिचा, जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत. पण सामानाची मांडणी काही भलतीच होती. काकूंची खुर्ची खिडकीशी उजेडात, शेजारी दिवा आणि विणकामाची पिशवी. काकांची मात्र पार दुसऱ्या टोकाला, दाराआड, अंधाऱ्या कोपऱ्यात. टीपॉय काकूंच्या शेजारी, जिथे दुसरी खुर्ची असायला हवी तिथे. त्याच्या पलीकडे वेताची पेपरची टोपली, पुढे एक कुंडी, मग पाय ठेवायचं स्टूल, मग एक पायपुसणं, जिथे पाय पुसायला कुणी कधी जाणार नाही अशा जागी.

ताई गरम पाण्याची बादली भरायला काकूंबरोबर स्वयंपाकघरात गेली. धाकट्याने सामान हलवायला घेतलं. टीपॉय उचलला, खाली तळहाताएवढा तपकिरी डाग. टोपली उचलली, खाली डाग. कुंडीखाली, स्टुलाखाली, पायपुसण्याखाली एकेक, आणि काकांच्या खुर्चीखाली सहावा, सगळ्यांत गडद, कडेने काळपट वर्तुळ धरलेला. चहाचे डाग. वीस वर्षं लोकांच्या जमिनी पाहिलेल्या माणसाला ते पुस्तकासारखे वाचता येतात. खिडकीजवळचा सगळ्यांत जुना, फिकट झालेला, आणि तिथून दारापर्यंत एकेक करत चहा सांडत गेलेला. दर वेळी डागावर काहीतरी झाकण ठेवून खुर्ची दोन-तीन हात पुढे सरकलेली.

"पाहिलंत," मागून काका हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून हात काढले. हात नुसते थरथरत नव्हते, वाऱ्यावर पान हलावं तसे हलत होते. "चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरला. एकालाही ओरखडा नाही. आता कप धरता येत नाही मला."

धाकट्याने उचललेली खुर्ची हळूच खाली टेकवली.

"हिला ठाऊक नाही हे," काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हल्ली मी ओट्यापाशी उभा राहून पितो, बेसिनवर वाकून. हिला सांगितलंय, बसून प्यायलं की जळजळ होते. तुम्ही डाग काढा, पण चहाचे म्हणू नका. गंजाचे म्हणा, काहीही म्हणा."

"काका, काळजी सोडा. जाणार म्हणजे जाणारच. आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायचा नाही."

ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याने असं वचन देणं म्हणजे धाडसच. पण दिलं.

तेवढ्यात ताई बादली घेऊन आली. तिचा चेहरा जरा वेगळाच दिसत होता. तिने गालिच्यावर नजर फिरवली. ती काही विचारायच्या आत धाकटा म्हणाला, "गंजाचे डाग आहेत."

ताईने वेताच्या टोपलीकडे पाहिलं, मातीच्या कुंडीकडे पाहिलं, कापडी पायपुसण्याकडे पाहिलं. या तिघांना गंज चढायचा तर जगबुडीच यायला हवी.

"हो," ती म्हणाली. "गंजच दिसतोय."

धाकटा चाटच पडला. खरं ते तोंडावर सांगायचं, हा ताईचा बाणा. एकदा एका बाईंनी कौतुकाने दाखवलेल्या गालिच्याबद्दल तिने "हा धुण्यात अर्थ नाही" असं चहा यायच्या आत सांगितलं होतं, आणि मग चहा आलाच नव्हता.

काम सुरू झालं. आधी व्हॅक्यूमने धूळ ओढली, मग सौम्य साबण मारून थोडा वेळ मुरू दिला, मग गरम पाणी सोडून लगेच ओढून घेणारं यंत्र फिरवलं. काळंकुट्ट पाणी टाकीत जमा होऊ लागलं. काकू उंबऱ्यात उभ्या राहून "बाई गं, एवढं आम्ही तुडवत होतो?" म्हणत राहिल्या. डागांवर ताईने वेगळं आंबूस द्रावण टाकलं आणि पांढऱ्या फडक्याने टिपत गेली. शेवटी दोनदा नुसत्या साध्या पाण्याने गालिचा खंगाळला. यात ती कधी चालढकल करायची नाही. साबण राहिला तर वरचा फवाऱ्याचा थर धरत नाही, ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखा पोपडे धरून निघून जातो, असं ती म्हणायची.

पाच डाग गेले. खिडकीजवळचा सगळ्यांत जुना काही जाईना. फिकटला, पण आपली जागा सोडेना. धाकटा त्याच्यावर गुडघे टेकून बसला.

"आता पुरे," ताई म्हणाली.

"अजून एकदाच."

"लोकर आहे ती. आणखी घासलीस तर तिथे तुझ्यासारखं होईल." तिने त्याच्या डोक्याकडे हात केला. "चल खाली, फवारणीचा डबा आणू."

डबा काही दोघांनी मिळून आणायचा नव्हता, पण धाकटा निमूट गेला. व्हॅनच्या मागच्या दारात दोघं उभे राहिले. कुणी डब्याला हात लावेना.

"ताई, तू गंज म्हणालीस."

"तूच म्हणालास."

"मी कारणाने म्हणालो."

"मग मी काय हौसेने म्हणाले?"

धाकट्याने व्हॅनचं दार उगाच ओढून पाहिलं. मग धाकट्याचं वचन, जेमतेम दोन तास टिकलेलं, फुटलं. "काका म्हणाले, काकूंना सांगू नका."

ताईने डोळे मिटून घेतले. "काकू म्हणाल्या, काकांना सांगू नका."

बादली भरताना काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. म्हणाल्या, मी बहिरी आहे, आंधळी नाही. दीड वर्ष झालं, खुर्ची माझ्यापासून लांब लांब जातेय. पहिल्यांदा टीपॉय हलला तेव्हाच खाली पाहिलं मी. पुढे ह्यांना झाकायला वस्तू सापडेना, बिचारे पेपर पसरून ठेवायला लागले, तेव्हा ती टोपली मीच बाजारातून आणली आणि हाताशी लागेल अशी ठेवून दिली. मग कुंडी आणली. पायपुसणंही माझंच.

"म्हणजे काकूच पुरवठा करत होत्या?" धाकट्याला हसू फुटलं.

"हो. आता म्हणतात, फवारा मारला की डाग पडतच नाहीत असं ह्यांना सांगा, म्हणजे हे खुर्चीत बसून प्यायला लागतील. मी म्हटलं, काकू, तसं नसतं ते. डाग पडतो. फक्त लगेच आत शिरत नाही, आपल्याला फडकं आणायला वेळ मिळतो. मी खोटं कसं सांगू?"

"गंज मात्र सांगितलास."

"ते चुकलंच." ताईने डबा उचलला. "आणि त्या राहिलेल्या डागाचं सांगायलाच हवं. वरून थर बसला की पुढे तो काढणं जवळपास अशक्य. विचारल्याशिवाय मी फवारणार नाही."

"कुणाला विचारशील? एकाला विचारलं की दुसऱ्याचं बिंग फुटतं."

"दोघांना एकदमच विचारू," ताई म्हणाली आणि जिना चढू लागली.

पण वर गेल्यावर तिलाही सुरुवात सापडेना. काका-काकू उंबऱ्यात शेजारी शेजारी उभे होते, समोर रिकामा, ओलसर, तांबडा गालिचा. शेवटी ताईने साधंच विचारलं, "संध्याकाळी सामान परत लावताना काकांची खुर्ची कुठे ठेवायची?"

"माझ्या शेजारी," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून होती तिथे."

"छे छे," काका घाईने म्हणाले, "दाराजवळच बरी. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो."

"उजेड? सलूनमध्ये आरशासमोर जन्म गेला तुमचा. उजेड कधीपासून टोचायला लागला?"

"वय झालं आता. टोचतो."

"काका," धाकट्याच्या तोंडून निघूनच गेलं, "एक डाग राहिलाय."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की धाकट्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"कुठला?" काकूंनी विचारलं. "खिडकीजवळचा?"

आणि मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

काका सावकाश त्यांच्याकडे वळले. "तुला कसं कळलं खिडकीजवळचा?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. काकूंनी हात खाली घेतला. "पहिला तोच होता. पावणे आले होते, ते गेल्यावर तुम्ही एकटे बसला होतात. मी भांडी घासून आले तर टीपॉय हललेला."

"आणि बाकीचे?"

"एकूण सहा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही ओट्यापाशी उभं राहून जळजळ, जळजळ करताय. मांजर डोळे मिटून दूध पितंय, पिऊ दे म्हटलं."

काकांना राग आला असावा. त्यांचा चेहरा कानांपर्यंत तांबडा झाला. धाकट्याने ताईकडे पाहिलं, ताईने खिडकीबाहेर. मग काकांनी खिशातले दोन्ही हात बाहेर काढले आणि बायकोसमोर धरले, शाळेत नखं दाखवतात तसे.

"हे तुला बघायला लावायचं नव्हतं," ते म्हणाले. "ह्याच हातांवर तू मला हो म्हणाली होतीस. तुझ्या भावाची दाढी करताना पाहून."

"भावाची दाढी बरी केलीत म्हणून नव्हतं म्हटलं," काकू म्हणाल्या. "तो बडबड करत होता आणि तुम्ही सगळं ऐकून घेत होतात म्हणून म्हटलं." त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले. त्यांचेही हात त्याबरोबर हलायला लागले. "मला वाईट कशाचं वाटतं सांगू? दीड वर्ष तुम्ही खोलीच्या त्या टोकाला. एक शब्द बोलायचा तर ओरडायचं. तुम्ही 'हूं' केलेलं मला ऐकूच येत नाही."

काकांनी हात सोडवून घेतले नाहीत. मग ताईने घसा साफ केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. थर म्हणजे काय, त्याने काय होतं आणि काय होत नाही. चहा सांडला तर थेंब वर तरंगतो, पाच-दहा मिनिटं हाताशी मिळतात. तेवढ्यात पांढऱ्या फडक्याने दाबून टिपायचा. घासायचं मात्र नाही.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे दाढीआधी फेस लावतो तसं," ते म्हणाले. "फेस वस्तऱ्याला अडवत नाही. त्याच्यामुळे वस्तरा नीट चालतो आणि कातडी वाचते, एवढंच."

"अगदी तसंच," ताई म्हणाली. इतकं नेमकं तिला स्वतःला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. "आता त्या डागाचं बोला. आणखी जोराचं औषध टाकून बघता येईल, पण लोकर खराब होऊ शकते. नाहीतर तसाच ठेवून वरून मारते."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

"मारा," काका म्हणाले. "असू दे तो तिथे."

ताईने आधी गालिच्याच्या एका कोपऱ्यात, दाराआड, थोडं फवारून पाहिलं. रंग उतरत नाही याची खात्री झाली, तेव्हा धाकट्याने तोंडाला मास्क लावला, पंप पाठीवर घेतला आणि खिडकीच्या भिंतीपासून मागे मागे येत फवारत निघाला. एकसारखा, आडवा एक हात, उभा एक हात. नंतर लांब दांड्याची फणी घ्यायची, गालिचा विंचरायचा, म्हणजे औषध लोकरीच्या मुळापर्यंत जातं.

तो चार हात विंचरतो न विंचरतो तोच उंबऱ्यातून आवाज आला, "उलटं विंचरताय."

"काय?"

"केसांची ओढ दाराकडे आहे, तुम्ही खिडकीकडे ओढताय. आणि तिथे टीपॉयच्या जागी भोवरा आहे, तो गोल फिरवून घ्या. तुमचा दोष नाही, तुमचा केसांशी संबंध राहिला नाही."

काकू खुदकन हसल्या. धाकट्याने ताईकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला हत्याराला हात लावू द्यायचा नाही हा ताईचा नियम होता. ताईने पिशवीतून पायात घालायची प्लास्टिकची मोजडी काढली, एक मास्क काढला आणि दोन्ही काकांपुढे धरलं.

काका गालिच्यावर उतरले. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. फणी जड होती, तिचा भार हातांवर आला, आणि हात शांत झाले. पूर्ण नाही, पण इतके शांत की लोकरीवर सरळ रेघा उमटत गेल्या. ते मागे मागे सरकत गेले, एकेक पट्टा, मध्ये थांबून मान तिरकी करून बघत, जणू समोर आरशात कुणीतरी बसलंय. भोवऱ्यापाशी त्यांनी मनगट वळवून फणी अशी फिरवली की धाकट्याने "वा!" म्हटलं. काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि डोळे मात्र एकदाही हलवले नाहीत.

मग गालिच्यावर वारा सोडणारे दोन पंखे लावून चौघं स्वयंपाकघरात गेले. चार-पाच तास तिकडे कुणी पाऊल टाकायचं नव्हतं. काकूंनी चहा केला. काका सवयीने ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी पायाने एक खुर्ची पुढे ढकलली. ते बसले. कप उचलला तसा चहा बशीत, बशीतून टेबलावर सांडला. धाकट्याच्या ओठांवर काहीतरी गमतीचं आलं होतं, पण या वेळी त्याने ते गिळलं आणि बिस्किटं पुढे सरकवली. ताईने ते पाहिलं आणि तिला भावाचं मनापासून कौतुक वाटलं. बोलली अर्थात नाही.

पाचच्या सुमारास गालिचा सुकला. तपासायला ताई नेहमी काचेच्या नळीने पाण्याचा एक थेंब टाकते. नळी काकांनी मागून घेतली. एका थेंबाऐवजी पाच-सहा थेंब पडले, इकडे एक, तिकडे एक.

"बरं झालं," ताई म्हणाली, "मी एकाच ठिकाणी तपासलं असतं."

थेंब लोकरीवर गोल बसून राहिले, मोत्यासारखे. काकू वाकून एकेक बघत होत्या. मग पायांखाली चांदीच्या कागदाचे तुकडे घालून दोन्ही खुर्च्या खिडकीशी मांडल्या, शेजारी शेजारी. मधोमध तो डाग उघडा पडला. त्याच्यावर टोपली ठेवायची का, असं धाकट्याने विचारलं, तर दोघं एकदमच "नको" म्हणाले.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. फोन धाकट्याने घेतला.

"मला सांग, तो थर किती माणसांना पुरतो?"

"किती माणसांना म्हणजे?"

"ह्यांची जुनी गिऱ्हाइकं रे! दुकान बंद केल्यापासून एकालाही घरी येऊ दिलं नव्हतं. आता दर गुरुवारी येतात. चौघं. सगळे ऐंशीच्या घरातले. ह्यांचे हात बरे म्हणायची पाळी आहे."

या वेळी धाकट्याने काकूंना खरं तेच सांगितलं: एवढ्या वापराने खिडकीजवळचा थर लवकर झिजणार, तेवढ्या भागावर आणखी एक हात मारलेला बरा. गुरुवारी सकाळी तो एकटाच पंप घेऊन गेला. काम तासाभराचं, पण सुकेपर्यंत थांबला, आणि सुकल्यावरही निघाला नाही, कारण तोवर चौघं म्हातारे काठ्या टेकत आले होते. काकांनी प्रत्येकाचं डोकं बघून घेतलं. एकाला मानेवर कुणी वाकडं कापलंय म्हणून खूप वेळ रागावले.

चहा आला. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांतल्या सगळ्यांत थकलेल्या म्हाताऱ्याचा कप कलंडला. तो इतका ओशाळला की उठायलाच लागला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. खुर्चीच्या पाठीवर पांढरं फडकं घडी करून ठेवलेलं होतं, ते घेतलं, गुडघ्यावर बसले आणि तळहाताने फडकं दाबून धरलं.

"घासायचं नाही," ते मित्राला म्हणाले. "दाबायचं, आणि बोलत राहायचं. हं, सांग, पुढे काय झालं मग?"

म्हातारा चाचरत आपली गोष्ट पुढे सांगू लागला. काका खालीच बसून ऐकत होते, मध्ये मध्ये हूं म्हणत, आणि शेजारच्या खुर्चीतून काकू विणता विणता म्हणाल्या, "मलाही ऐकू येतंय हं सगळं."

धाकट्याच्या खिशातला फोन दुसऱ्यांदा वाजला, ताईचाच. पुढच्या घरी उशीर होत होता. त्याने तो उचलून हळूच सांगितलं, "ताई, अजून वीस मिनिटं," आणि काकूंनी पुढे केलेला दुसरा कप घेतला.